पायधूळ



मराठीत एखाद्याला घरी बोलावण्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत नम्र प्रकार म्हणजे "एकदा आमच्या घरी पायधूळ झाडावी" हा होय. बोलावणारा येणाऱ्याच्या पायांची धूळसुद्धा आपल्या घराचे भाग्य मानतो. या आमंत्रणाला मान देऊन पाहुणा दारात येऊन उभा राहिला, की हल्ली पुष्कळदा त्याच्या नजरेस एक पाटी पडते : "कृपया पादत्राणे बाहेर काढावीत." धूळ झाडण्यास बोलावलेल्या माणसाने ती बाहेरच ठेवून आत यावे, ही विसंगती सवयीमुळे कोणाच्या ध्यानात येत नाही.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून ग्रंथांविषयी, फार तर ग्रंथकारांविषयी बोलावे, वहाणांविषयी बोलू नये, असा संकेत असल्यास तो आज मोडला जात आहे. परंतु पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत गेल्या शतकभरात माणसामाणसांतले अंतर किती घटले आणि किती तसेच राहिले, हे मोजावयाचे झाले तर घराच्या दारातील वहाणांइतके विश्वासू माप दुसरे सापडणे कठीण. शिवाय या सभागृहाच्या पायऱ्यांवरही आज सायंकाळी वहाणांची रांग लागलेली आहे.

प्रथम घर पाहू. पेडणे, डिचोली किंवा सत्तरीतले जुने हिंदू घर हे टप्प्याटप्प्याने आत नेणारे घर असते. समोर शेणाने सारवलेले अंगण, त्यात तुळशीवृंदावन, मग जांभ्या चिऱ्यांच्या दोनचार पायऱ्या, मग पडवी आणि तिच्यातला बसावयाचा सोपो, मग ओसरी, घर सधन असल्यास मध्ये राजांगण आणि त्याच्याभोवती चौक, मग माजघर, देवघर, आणि सर्वांत आत स्वयंपाकघर. अशा घरात जमीन ही केवळ चालण्याची जागा नव्हती. तिच्यावर पाट मांडून पंगत बसे, चटई अंथरून माणसे निजत, लहान मूल रांगे, तांदूळ निवडले जात, बाळंतीण शेक घेई. टेबल, खुर्ची आणि पलंग या तिघांचे काम एकटी जमीन करीत असे. म्हणून वहाणा घालून माजघरात शिरणे हे आजच्या भाषेत सांगावयाचे तर जोड्यांसकट जेवणाच्या टेबलावर चढण्यासारखे होते. जगात जिथे जिथे माणसे जमिनीवर बसतात आणि निजतात, तिथे बहुधा जोडे दाराशी राहतात. जपानी घराच्या प्रवेशापाशी जमिनीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवलेला 'गेन्कान' हा भाग याच न्यायाचा. उलट, खुर्ची-पलंगांनी माणसाला जमिनीपासून हातभर वर उचलले, त्या युरोपात जोडे दिवाणखान्यापर्यंत चालत आले.

त्यात आपल्याकडचा पाऊस आणि आपल्याकडची माती. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या या मुलखात जांभ्याची तांबडी माती चार महिने पायांना चिकटून असते. धोतराच्या काठाला ती लागली, की धोतर फाटेपर्यंत साथ करते. डिचोली तालुक्यात खाणींनी तिच्यात भर घातली. २०१०-११ च्या सुमारास गोव्याच्या बंदरांतून वर्षाला पाच कोटी टनांच्या वर लोहखनिज बाहेर जात होते, आणि ते नदीकाठच्या धक्क्यांपर्यंत नेणाऱ्या ट्रकांची धूळ रस्त्याकडेच्या घरांच्या कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि तुळशीच्या पानांवर बसत होती. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननाला नव्याने आरंभ झाला. खाणी जोरात होत्या त्या वर्षांतली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तेव्हा दारात काढलेल्या वहाणा घराला फारसे वाचवू शकत नव्हत्या. धूळ दाराने येतच नव्हती. ती खिडक्यांतून आणि कौलांच्या फटींतून येत होती. तरीही येणारी माणसे वहाणा बाहेरच काढीत राहिली. स्वच्छता एवढेच या रीतीचे कारण असते, तर त्या वर्षांत लोकांनी ती कंटाळून सोडून दिली असती.

तेव्हा दुसरे कारण शोधले पाहिजे, आणि ते देवघरात सापडते. षोडशोपचार पूजेत देवाला आवाहन करून आसन दिले, की लगेच येते ते पाद्य, म्हणजे पाय धुण्याचे पाणी. त्यानंतर अर्घ्य, मग आचमन. अतिथीला देव मानावे असे उपनिषद सांगते हे सर्वांना ठाऊक आहे. पूजाविधी पाहिला तर तिथे देवालाच अतिथी मानलेले आहे. लांबून चालत आलेल्या माणसाला आपण जे जे देऊ ते ते त्याच क्रमाने देवाला दिले जाते. आपल्या जुन्या घरांत हा क्रम माणसांसाठीही पाळला जात होता. पायऱ्यांच्या बाजूला पाण्याची घागर भरलेली असे. पाहुणा वाटेवर दिसला, की घरातले कोणीतरी तांब्या घेऊन पुढे येई आणि "पांय धुवून घेयात" म्हणे. पायांवर पाणी, पुसावयास पंचा, बसावयास चटई, हातावर गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला. वहाणा काढणे ही या सगळ्यातली पहिली आणि सर्वांत लहान कृती. ती पाहुणा न सांगता करी, आणि घर तिची परतफेड चौपटीने करी. चार कोस चालून आलेल्या पायांना त्या पाण्याने काय वाटत असेल, हे दुचाकीवरून येणाऱ्या आजच्या पाहुण्यास समजणे अवघड.

आता तांब्या गेला, पंचा गेला, चटई गेली. पाटी तेवढी राहिली.

पाहुण्याने पादत्राणे काढावीत की काढू नयेत, असा प्रश्न हल्ली विचारला जातो, तेव्हा रीतीचा हा उरलेला तुकडा उचलून त्याच्यावर वाद घातला जातो. एक बाजू संस्कृतीची दुहाई देते, दुसरी पाहुण्याच्या सोयीची. त्या घराने पाहुण्यासाठी काय केले, हे दोन्ही बाजू विचारीत नाहीत.

पण जुन्या घराचे हे गोड चित्र इथेच सोडून देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पायऱ्यांचा उल्लेख वर आला, त्या पायऱ्या सर्वांसाठी नव्हत्या. 'पायरी' या शब्दाला मराठीत जो दुसरा अर्थ आहे तो काही योगायोगाने आलेला नाही. पायरीने वागणे, पायरी ओळखणे, पायरी सोडून बोलणे हे वाक्प्रचार अशाच घरांच्या दारात घडले असावेत. कुळे आणि मुंडकार भाटकाराच्या घरी कामासाठी किंवा निरोपासाठी येत, तेव्हा त्यांच्या वहाणा, असल्याच तर, अंगणाच्या बाहेर निघत. पाऊस असो की वैशाखातले ऊन असो, ती माणसे अनवाणी अंगणात उभी राहत. बसण्यास सांगितलेच, तर सर्वांत खालची पायरी. चहा मिळालाच, तर करटीतून. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वाट्याला तेही येत नसे. वहाणा घातलेल्या पायांनी वरच्या जातीच्या माणसाच्या दारावरून नुसते पुढे जाणे हादेखील अपराध ठरण्याचा काळ होता, आणि तो केवळ गोव्यातच होता असे नाही.

इथे एक साधा प्रश्न उभा राहतो. सारवलेली जमीन मळू नये म्हणून वहाणा काढावयाच्या, हे कारण खरे मानले, तर ज्या माणसाला त्या जमिनीवर पाऊलच ठेवू दिले जाणार नव्हते त्याने त्या का काढाव्यात? अंगण काही ओसरी नव्हे. तिथे गुरे फिरत, कोंबड्या फिरत. त्याच्या वहाणेचा घराच्या जमिनीशी काहीच संबंध नव्हता. संबंध होता तो त्याच्या मानेशी. ओसरीवर बोलावलेल्या पाहुण्याने आणि अंगणात थांबवलेल्या कुळाने केलेली कृती बाहेरून पाहता अगदी एकच. एकासाठी ती आत येण्याची सुरुवात होती; दुसऱ्यासाठी ती आत न येण्याची खूण होती.

या बाबतीत सर्वांत विलक्षण गोष्ट चर्मकाराची. ज्याने वहाण शिवली तो आणि ती वहाण, दोघेही उंबरठ्याबाहेर. संत रोहिदासांचे नाव भक्तिभावाने घेणाऱ्या घरांतही व्यवहार निराळा नव्हता. पायाला लागलेली वस्तू स्वभावतःच अपवित्र असते, असे याचे समर्थन केले जाई. मग रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरताने चौदा वर्षे राज्य चालवले, ते कसे? १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली आणि आजही लाखो माणसे त्या पादुकांपुढे डोके टेकवतात, ते कसे? पादुका चामड्याच्या नसतात, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु पायांच्या संबंधाने वस्तू विटाळते हे विधान तेवढ्यापुरते तरी टिकत नाही. प्रश्न पाय कोणाचे हा होता.

अनवाणी पायाला आपल्या भागात मोठा मान आहे, हेही विसरता येत नाही. डिचोली तालुक्यात शिरगावला वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. व्रतस्थ धोंड हातात वेताच्या काठ्या घेऊन उत्तररात्री धगधगत्या निखाऱ्यांवरून अनवाणी जातात. पेडण्यात आणि अन्यत्र बायका धालो खेळतात तो मांडही पवित्र मानलेला. तिथे कोणी पादत्राण घालून पाऊल ठेवीत नाही. पण धोंडाच्या पायाला आणि भाटकाराच्या अंगणातल्या पायाला एकाच मापाने मोजता येणार नाही. धोंडाने वहाण आपण होऊन काढलेली असते, आणि देवीपुढे सगळेच अनवाणी असतात.

सक्तीने काढवलेला जोडा आणि आपखुशीने काढलेला जोडा यांतला हा भेद एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या शिकलेल्या लोकांना फार वेगळ्या ठिकाणी कळला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कचेरीत किंवा दरबारात जाणाऱ्या एतद्देशीयाने जोडे बाहेर काढावेत, अशी अपेक्षा होती, आणि तिचे समर्थन मोठे चतुर होते. तुम्ही आपल्या घरी, आपल्या वडीलधाऱ्यांपुढे जोडे काढताच. मग आमच्यापुढे काढण्यात अपमान कसला? १८५४ मध्ये युरोपीय पद्धतीचे बूट आणि मोजे घालणाऱ्यांना सरकारी समारंभांत सूट मिळाली. १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढण्याचे नाकारले, तेव्हा वाद मुंबई सरकारपर्यंत गेला आणि वृत्तपत्रांत गाजला. १८६८ च्या ठरावाने बुटांची सूट अधिक व्यापक झाली. देशी जोडे घालणाऱ्यावर मात्र ते काढण्याचे बंधन राहिले. म्हणजे विलायती बूट साहेबाच्या गालिच्यावर चालू शकत होता, पुणेरी जोडा चालत नव्हता. धूळ तर दोघांच्याही तळव्यांना सारखीच लागत असणार.

गंमत अशी, की हाच साहेब दुसऱ्याच्या घरी गेला तेव्हा त्याची भाषा बदलली. ब्रह्मदेशाच्या राजापुढे जाताना जोडे काढून जमिनीवर बसण्याची रीत होती. १८७५ मध्ये सर डग्लस फोर्साइथ यांच्या शिष्टमंडळाने राजा मिंडॉन याच्यापुढे ती पाळली. परंतु ती मानहानी आहे असे ठरवून हिंदुस्थान सरकारने पुढे आपल्या प्रतिनिधींना जोडे काढण्यास मनाई केली. राजाने जोड्यांसह भेट देण्याचे नाकारले. मंडालेच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीला यापुढे राजाची भेट मिळेनाशी झाली, आणि दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, राज्यच गेले. ते जोड्यांपायी गेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जो आपल्या कचेरीत दुसऱ्यांचे जोडे उतरवीत होता त्याला स्वतःचे उतरवताना मानहानी वाटली, एवढे मात्र खरे. यापेक्षा शहाणपणाने वागला तो अमेरिकेचा वकील टाउनसेंड हॅरिस. १८५७ च्या डिसेंबरात येडो येथे शोगुनच्या भेटीस जाताना त्याने आपले चालून आलेले जोडे बाहेरच्या दालनात बदलले आणि पायांत अगदी नवे, कधी न वापरलेले जोडे घातले. यजमानाची जमीन मळली नाही आणि पाहुण्याचा मानही राहिला.

गोव्यात हा प्रश्न आणखी एका वळणाने जातो. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके नव्या काबिजादीतले. ते पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. पेडणे १७८८ मध्ये. तोवर बार्देश, तिसवाडी आणि सासष्टीत दोन शतकांहून अधिक काळ काय घडले, ते अनंत काकबा प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे सर्वांसमोर आले. १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांनी घरी तुळस ठेवू नये, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, इतक्या बारीक गोष्टींपर्यंत मनाई होती. घराच्या आतली रीतच बदलण्याचा तो प्रयत्न होता. कालांतराने तिथल्या ख्रिस्ती घरांत बल्कांव आला, खुर्च्या मांडलेली साल आली, फरशी आली, आणि जोडे आत जाऊ लागले. पेडणे-डिचोलीची घरे मात्र बऱ्याच अंशी आपल्या रीतीने राहिली.

तरीही शेजाऱ्यांमध्ये या भेदाचा त्रास झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. नाताळला हिंदू शेजारी शुभेच्छा देण्यास जातो. सवयीने दारातच वाकून चपलांना हात घालतो. आतून आवाज येतो, "रावूं द्यात, काडूं नाकात!" तो दोनदा नको-नको म्हणतो आणि बहुधा काढूनच आत जातो. चतुर्थीला तोच ख्रिस्ती शेजारी येतो, पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडतो, मोजे बुटांत खोचून ठेवतो आणि माटोळीखाली येऊन बसतो. दोघांच्याही दारात पाटी नसते. दुसऱ्याच्या घरची जमीन कशी वापरतात हे दोघांनाही लहानपणापासून माहीत असते.

या प्रसंगातले "रावूं द्यात" हे शब्द थोडे निरखून पाहण्यासारखे आहेत. मराठीत आपण "राहू द्या हो, नका काढू" म्हणतो. शेजाऱ्याच्या तोंडी हे शब्द निर्मळ असतात. पण आजच्या नव्या बंगल्यांत आणि सदनिकांत ते कोणाला म्हटले जातात, याची यादी केली तर ती बोलकी होईल. पुढाऱ्याला म्हटले जातात, मोठ्या अधिकाऱ्याला म्हटले जातात, लग्नाची बोलणी करण्यास आलेल्या मुलाकडच्या मंडळींना तर आवर्जून म्हटले जातात. पाटी भिंतीवर तशीच असते; यजमान तिच्यापुढे उभे राहून ती झाकतात. नळ दुरुस्त करणाऱ्याला, वीज जोडणाऱ्याला, गॅसचे सिलिंडर आणणाऱ्याला मात्र ते शब्द कधी ऐकू येत नाहीत. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. लोखंडासह ते ओझे तीस किलोंच्या जवळपास जाते. पावसाळ्यात ते खांद्यावर घेऊन, ओल्या अनवाणी पायांनी, चकचकीत लादीवरून त्या माणसाने स्वयंपाकघरापर्यंत जावे अशी अपेक्षा असते. सिलिंडर हातातून निसटले, तर पायाची बोटे उघडी. त्याला पाय पुसण्यास फडके कोणी पुढे करीत नाही. पाणीही, त्याने मागितले तरच. त्याच्याकडून रीतीचा पहिला भाग काटेकोरपणे वसूल केला जातो, उरलेले भाग विसरले जातात. जुने अंगण पाडून तिथे लादी बसवली, तरी अंगणातला व्यवहार चालूच राहू शकतो, तो असा.

दुसरे उदाहरण वयोवृद्धांचे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाने घरातदेखील अनवाणी चालू नये, असे डॉक्टर बजावून सांगतात. काच रुतली, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशा पायांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची पादत्राणे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांसाठी केलेल्या कामातून पुढे आली. ते पादत्राण म्हणजे त्या रुग्णाचे औषधच. ते दारात काढावयास लावणे म्हणजे काठी टेकत आलेल्याची काठी बाहेर ठेवून घेणे होय. गुडघे न वाकणाऱ्या आजींना दारात एका पायावर उभे करून पट्टा सोडावयास लावणारी घरेही आहेत. तिथे एक स्टूल ठेवले असते, तर पाटीची गरजही उरली नसती. घरात वापरावयाच्या स्वच्छ चपलांचा एक जोड पाहुण्यांसाठी ठेवण्याची जपानी सोय आपल्याला महाग पडणारी नाही. बाथरूमच्या दारात आपण निराळ्या चपला ठेवतोच.

मग पाहुण्याने पादत्राणे काढावीत काय? काढावीत; त्यात कमीपणा नाही. जमीन त्या घराची आहे, आणि तिथल्या मुलाचे रांगणे, बाईचे पुसणे, म्हाताऱ्याचे निजणे त्याच जमिनीवर आहे. पण काढा असे म्हणणाऱ्याने काढणाऱ्याला बसण्याची जागा दिली पाहिजे, आणि नियम केला तर तो पुढाऱ्याला व गॅसवाल्याला एकच केला पाहिजे. ज्याला आत घ्यावयाचेच नाही, त्याचे जोडे उतरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

"वहाणा काढा" असे म्हणण्यासाठी मुळात स्वतःचे दार असावे लागते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९६१ च्या आधी या दोन तालुक्यांतल्या असंख्य कुटुंबांना ते नव्हते. झोपडी भाटकाराच्या जमिनीवर, उद्या उठ म्हटले तर उठावे लागणार. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला. अर्ज कचेऱ्यांत वर्षानुवर्षे रेंगाळले, दावे चालले, पिढ्या बदलल्या, हे सगळे खरे. तरी पुष्कळांच्या पायांखालची जमीन त्यांची झाली. बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळेच्या आणि वाचनालयाच्या दारातही वहाणा बाहेरच निघत, आणि त्या काढणारा मुलगा आत जाऊन ज्या चटईवर बसे तिच्यावर भाटकाराचा मुलगाही बसलेला असे. सगळी दारे एकदम उघडली असे नव्हे. वाचनालयांचे जुने इतिहास नीट वाचले, तर आरंभीच्या सभासदांच्या याद्यांत कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, हे दिसते. शताब्दीच्या वर्षी त्या याद्याही पुन्हा काढून पाहाव्यात.

आता पेडण्यात २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या पठारावर विमाने उतरत आहेत. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर बाहेरच्यांचे बंगले उभे राहिले आहेत. त्यांतल्या काहींत मालक बुटांसह हिंडतो आणि झाडलोट करण्यास आलेली गावातली बाई चपला फाटकापाशी काढून आत जाते. तिला तसे कोणी सांगितले होते काय, याची चौकशी केली तर बहुधा कोणीच सांगितलेले नसते.

पण चतुर्थीच्या दिवसांत याच गावांतले दुसरे दृश्यही पाहण्यास मिळते. एकेकाळी मुंडकाराचे असलेले घर आता चिऱ्यांचे आणि त्याच्या मालकीचे झाले आहे. ओसरीवर गणपती बसला आहे, घुमट-शामेळ वाजत आहे. भाटकाराच्या घरातला नातू दर्शनाला येतो, इतरांच्या वहाणांशेजारी आपल्या वहाणा काढतो आणि माणसांत जाऊन बसतो. आरती अर्ध्यावर येते तोच भाद्रपदातली सर कोसळते. घरातले एखादे पोर धावत बाहेर जाते आणि अंगणातल्या सगळ्या वहाणा मिठीत भरभरून पडवीत आणून टाकते. कोणाची कोणती हे पाहण्यास त्याला सवड नसते. मग आरती आणि प्रसाद आटोपल्यावर बॅटरीच्या उजेडात त्या ढिगापाशी जो तो आपली जोडी शोधीत वाकतो, आणि एखाद्याला आपली उजवी व दुसऱ्याची डावी पायांत अडकवून, उद्या बदलून घेऊ म्हणत, चिखलातून घरी जावे लागते.